वाचकांचे प्रश्न : प्रार्थनेच्या खोलीचे दार

प्रश्न : मी पुण्यातील एका मोठ्या कंपनीत बारा वर्षे नोकरी करते. सहकारी सुशिक्षित आणि मनाने चांगले आहेत. पण धर्म ही घराबाहेर न काढण्याची गोष्ट आहे, असे त्यांचे ठाम मत आहे. डबा उघडण्यापूर्वी मी क्षणभर डोळे मिटते, त्यावरून हसतखेळत टोमणे होतात. अलीकडे रविवारी सकाळीही कामावर बोलावले जाते आणि उपासना बुडते. माझी 19 वर्षांची मुलगी म्हणते, ‘‘आई, तुझा विश्वास तुझ्यापाशी ठेव, चारचौघांत कशाला?’’ प्रभूनेही दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहेच. मग मी हट्टीपणा करते आहे, की गप्प राहिले तर नाकारल्यासारखे होईल?
– एक भगिनी, पुणे

उत्तर : ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आपले पत्र वाचताना मला माझी शाळेतील नोकरीची पहिली वर्षे आठवली. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की मी डोके दुखत असल्यासारखे कपाळ दाबून धरत असे आणि त्या आडून प्रार्थना उरकत असे. कोणी मला मनाई केली नव्हती. हसतील, एवढीच भीती होती. म्हणून आपल्या प्रश्नाला वरवरचे उत्तर द्यावेसे वाटत नाही.

प्रथम दाराविषयी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू दार लावून घ्यायला सांगतो, ते लोकांनी पाहावे म्हणून चौकाचौकांत उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांच्या संदर्भात. जुन्या करारातील दानिएलाच्या माडीच्या खिडक्या मात्र यरुशलेमेच्या दिशेने उघड्या होत्या, आणि राजाचा मनाईहुकूम निघाल्यानंतरही तो ‘पूर्वीप्रमाणे’ दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. या ‘पूर्वीप्रमाणे’ शब्दात सारे आले, असे मला वाटते. हुकूम निघाला म्हणून त्याने खिडकी मुद्दाम उघडली नाही, आणि हुकूम निघाला म्हणून ती लावूनही घेतली नाही. कोणी पाहत नसताना आपण जे करतो ते कोणी पाहत आहे म्हणून थांबवू नये, आणि कोणी पाहावे म्हणून सुरूही करू नये. आपण घरीही जेवणापूर्वी डोळे मिटत असाल, तर कार्यालयात ते मिटणे हा हट्ट नव्हे.

हाच पेच आपल्याच शहरात पंडिता रमाबाईंपुढे उभा राहिला होता. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला हलवली. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. उच्चवर्णीय विधवा मुलींना आपापले सोवळेओवळे आणि रीतिरिवाज पाळण्याची मुभा होती, आणि रमाबाईंनी हा शब्द पाळला. पण त्या स्वतः ख्रिस्ती होत्या; आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या आपल्या खोलीत शास्त्र वाचत, प्रार्थना करत, आणि त्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’तून कडक टीका झाली, आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हे रमाबाईंचे वैरी नव्हते, हितचिंतकच होते, आणि त्यांची धर्मांतराची भीती समाजात काय घडत होते ते पाहता अगदीच अनाठायी नव्हती, हे आपण ख्रिस्ती लोकांनी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण येणाऱ्या मुलीच्या तोंडावर दार लावून घेणे रमाबाईंना शक्य नव्हते. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या, यावरून त्या उघड्या दारातून कोणाला ओढून नेले जात नव्हते, हेही दिसते.

आपले कार्यालय धर्मनिरपेक्ष आहे, म्हणजे ते कोणत्याही एका धर्माचे नाही. तेथे काम करणाऱ्याने निधर्मी व्हावे, असा त्याचा अर्थ होत नाही. कामाच्या वेळेत आपण पत्रके वाटू लागलात आणि वरिष्ठांनी हरकत घेतली, तर मी वरिष्ठांच्या बाजूने बोलेन. डब्यापुढच्या त्या अर्ध्या मिनिटात मात्र कोणाचेही काही जात नाही. टोमणा आला तर हसून खरे ते सांगावे : ‘‘अन्नाबद्दल देवाचे आभार मानते.’’ प्रेषित पेत्राने आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध राहा म्हटले, तेव्हा ते सौम्यतेने द्या, असेही बजावले आहे. ही दुसरी अट आपण फार वेळा विसरतो.

रविवारचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तेथे आपल्या वेळेचा भार दुसऱ्यावर पडतो. राजाचे अन्न नको होते तेव्हा दानिएलाने ताट भिरकावले नाही. त्याने कारभाऱ्याकडे दहा दिवसांची मुदत नम्रपणे मागितली. आपणही आयत्या वेळी तक्रार करण्यापेक्षा आधीच वरिष्ठांना भेटा आणि रविवारची सकाळ मागताना तिच्या बदल्यात काय देणार तेही सांगा. माझ्या ओळखीच्या एक परिचारिका गणपती आणि दिवाळीत सहकाऱ्यांच्या पाळ्या स्वतःकडे घेतात. त्यांच्या रविवारच्या सकाळी त्या मैत्रिणीच सांभाळून घेतात. एवढे करूनही नकार आला, तर संध्याकाळच्या उपासनेला जा आणि मनाला लावून घेऊ नका. नोकरी सोडावी असा सल्ला मी येथे बसून देणार नाही. ज्याच्या घराचे हप्ते चालू आहेत त्याच्या वतीने धैर्य दाखवणे सोपे असते.

राहिली आपली मुलगी. तिच्याशी वाद घालू नका. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी सापडला, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढ्या विदुषीला इतका काळ लागला, तर 19 वर्षांच्या मुलीला आज रात्रीच्या जेवणापर्यंत पटलेच पाहिजे, अशी घाई कशाला? तिला विचारू द्या, अगदी टोकाचेही विचारू द्या, आणि ज्याचे उत्तर येत नाही तेथे येत नाही म्हणा. जेवणापूर्वीची घरातली प्रार्थना मात्र चालू ठेवा, ती ताटावर बसलेली असो वा नसो. रविवारच्या विनंतीचे काय झाले, ते जरूर कळवा.