पान्ह्याचं इंजेक्शन चिमीला पुन्हा देऊ नका

प्रश्न : आमची चिमी पग जातीची, ४ वर्षांची. मागच्या वेळी ३ तास कळा देऊनही पिल्लू येईना, म्हणून ओळखीच्या एका म्हशीवाल्यांनी पान्ह्याचं इंजेक्शन टोचलं. दोन्ही पिल्लं मेलेली निघाली. ती पुन्हा गाभण आहे, ५५ दिवस झालेत. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला मखमलाबादहून रात्री आणलेली एक बीगल आठवली. एकच मोठं पिल्लू वाटेत आडवं अडकलेलं, आणि घरी हेच इंजेक्शन दोनदा दिलेलं. पोट उघडलं तेव्हा गर्भाशय फाटलं होतं. आई वाचली, पिल्लू नाही.

ते औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. ते गर्भाशय आवळतं. वाट मोकळी असेल तर पिल्लू पुढे सरकतं, पण वाट अडली असेल तर तोच जोर आतल्या आत बसतो. शिवाय वार (आईकडून पिल्लाला रक्त-प्राणवायू पोचवणारा भाग) लवकर सुटून पिल्लांचा प्राणवायू तुटतो. म्हणून आधी तपासणी, एक्स-रे आणि सोनोग्राफीवर पिल्लांचे ठोके. ठोके मिनिटाला १८०च्या खाली उतरले की पिल्लू त्रासात आहे, १६०च्या खाली गेले तर मी वाट न बघता सिझेरियन उरकतो. पुष्कळदा कॅल्शियम हळूहळू शिरेतून दिलं तरी कळा सुधारतात. पण हे हृदयाकडे लक्ष ठेवून डॉक्टरांनीच करायचं. तुम्ही घरी गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्या मात्र देऊ नका, विल्यावर झटके येण्याचा धोका वाढतो.

पगच्या पिल्लांचं डोकं मोठं, आईची वाट अरुंद. त्यामुळे ठरवून सिझेरियन करायचं का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. हाडं आता स्पष्ट दिसतात, तेव्हा एक्स-रेवर पिल्लं मोजून घ्या. दिवसातून दोनदा गुदद्वारातून ताप मोजा. ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण २४ तासांत कळा येतात.

पुढचं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, किंवा दोन पिल्लांमध्ये २ तास गेले, तर दवाखान्यात निघा. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळं पाणी आलं तर कळांची वाट बघू नका, वार सुटली आहे. तेच पाणी पिल्लानंतर आलं तर घाबरू नका.

पगला चपट्या तोंडामुळे जन्मलेल्या पिल्लाभोवतीची पातळ पिशवी पुष्कळदा फाडता येत नाही. ती तुम्हीच फाडा, नाक-तोंड पुसा, टॉवेलने चोळा.

आणि दवाखान्यात आजच फोन करून विचारा : रात्री २ वाजता सिझेरियन कराल का? नाही म्हणाले तर दुसरा दवाखाना याच आठवड्यात शोधा.