डोंगर वाचायला शिकताय? साताऱ्यातूनच सुरुवात करा

डोंगर कसे झिजतात हे बघायला साताऱ्यात सुरुवात कुठून करायची, हा तुमचा प्रश्न वाचला. पहिल्याच रविवारी कास पठार गाठू नका. यवतेश्वरच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे सुरक्षित जागी थांबून ती कड नीट बघा. निम्मा धडा तिथेच होतो.

आधी एवढंच पक्कं करा:
- खडक जागच्या जागी कुजतो, फुटतो, ते विदारण. बेसॉल्टचे (आपल्या काळ्या कातळाचे) गोल धोंडे कांद्यासारखे सोलताना दिसले की समजा, हेच.
- पाणी तो माल उचलून नेतं, ते क्षरण. पावसाळ्यात कृष्णा, वेण्णा गढूळ होतात ना, ती क्षरणाचीच माती.
- उतारावरचा माल गुरुत्वाकर्षणानेच खाली येतो, ती विस्तृत झीज. पाणी त्याला भिजवून जड आणि सैल करतं, पण ओढतं गुरुत्वाकर्षण. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, त्या याच प्रकारातल्या.

नवखे तिन्हींना सरसकट 'धूप' म्हणतात. दुसरी चूक म्हणजे डोंगरावरचे पायऱ्यांसारखे टप्पे पाहून ते भूकंपाने झाले समजणं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर ते. कठीण थर कडा धरून राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. अजिंक्यतारा किल्ल्याकडे लांबूनच बघा, पटेल.

कास नंतर. तिथला जांभा (तांबडा, भोकाभोकांचा दगड) हीसुद्धा विदारणाचीच करामत, पण सड्यावर (खडकाळ पठारावर) आखलेल्या वाटेबाहेर पाय ठेवू नका.

खनिजं, रसायनं सध्या राहू द्या. हातोडीही घरीच ठेवा, वही पुरे. आणि मुसळधार पावसात कापलेल्या कडेखाली उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही.