‘गनिमी कावा’ : गनीम नेमका कोण?

‘गनीम म्हणजे शत्रू, मग ज्या युद्धपद्धतीचा आपण अभिमान बाळगतो तिला शत्रूचा कावा का म्हणायचे, आणि हा एक शब्द आहे की दोन?’ असा प्रश्न आला आहे. तो रास्त आहे, कारण वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या या शब्दात सतराव्या शतकातील संघर्षाची दोन्ही बाजूंची दृष्टी साठलेली आहे.

‘गनीम’ हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. लुटीला अरबीत ‘गनीमत’ म्हणतात, ते याच धातूपासून. मोगलांच्या फारसी लिखाणात मराठ्यांचा उल्लेख वारंवार ‘गनीम’ असा येतो, त्यामुळे ‘गनिमी’ म्हणजे त्यांच्या दृष्टीने ‘मराठ्यांची’. आपल्या पूर्वजांनी हे विशेषण झिडकारले नाही, उलट स्वतःच्या लढाईसाठी ते सहज वापरले, आणि त्याच वेळी आपल्या शत्रूलाही ते गनीमच म्हणत राहिले. मला तरी यात विसंगती दिसत नाही. ज्याच्या तोंडी शब्द, त्याचा गनीम समोरचा.

‘कावा’ मात्र अधिक जवळून पाहण्यासारखा आहे. आज तो कपट या अर्थाने उरला आहे (‘कावेबाज’ हा शब्द त्यातूनच आला), पण त्याचा जुना अर्थ घोड्याशी निगडित आहे. लांब दोरीला बांधलेला घोडा मधे उभ्या असलेल्या माणसाभोवती रिंगणात फिरवायचा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, म्हणजे तो वेगात असतानाही लगाम खेचताच वळतो. या फेऱ्यांना कावा म्हणत. हिंदीतील ‘कावा काटना’ या प्रयोगात तो अर्थ अजून शाबूत आहे. शत्रूच्या अंगावर जायचे, तो सावरण्याआधी वळायचे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा यायचे, हे अशाच घोड्याला जमते. म्हणून या शब्दातला पहिला अर्थ वळणाचा, फसवणुकीचा नंतरचा, असे मी मानतो.

ही पद्धत शिवाजी महाराजांच्या आधीपासून दख्खनेत होती. अहमदनगरजवळच्या भातवडीला 1624 साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वाटेत चिखल केला. त्या लढाईत शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. अंबरच्या मराठा स्वारांना मोगल ‘बर्गी’ म्हणत, आणि ‘बारगीर’शी (सरकारी घोड्यावरचा स्वार) नाते सांगणारा हा शब्द पुढे 1740 नंतरच्या स्वाऱ्यांमुळे बंगालमधील अंगाईगीतातही जाऊन बसला. महाराजांनी ती पुढे चालवली: 2 फेब्रुवारी 1661 रोजी सह्याद्रीतल्या उंबरखिंडीत त्यांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज अरुंद वाटेत, पाण्यावाचून कोंडली, तेव्हा शरण जाण्याचा सल्ला त्याला त्याच्याच फौजेतील रायबागन या सरदार स्त्रीने दिला.

तरीही मराठ्यांच्या प्रत्येक विजयाला हा शब्द चिकटवू नये. 1672 ची साल्हेरची लढाई उघड्या मैदानावरची होती, आणि तिला गनिमी कावा म्हटल्याने तिचे मोल कमी होते. पानिपतावर तर वाद याच शब्दाचा होता: मल्हारराव होळकरांचा कल गनिमी लढाईकडे, तर भाऊसाहेबांचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर आणि ‘गोला’वर, म्हणजे तोफा व पायदळ बांधून एकजुटीने पुढे सरकणाऱ्या रचनेवर. 14 जानेवारी 1761 रोजी तो गोल फुटला. बुणगे (न लढणारी माणसे) आणि बायकामुले बरोबर असताना काव्याची लढाई कितपत शक्य होती, याचाही विचार भाऊसाहेबांना दोष देताना व्हायला हवा.

इंग्रजीतील ‘गेरिला’ युद्धाशी ‘गनिमी’चे नाते नाही, ‘गेरिला’ हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ ‘छोटे युद्ध’ असा आहे.

आता लेखनाविषयी. ‘गनिमी’ हे विशेषण आणि ‘कावा’ हे नाम असल्यामुळे ‘गनिमी कावा’ असे दोन शब्द सुटे लिहावेत. ‘गनीम’मधील नी दीर्घ आहे, पण प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो, म्हणून गनिमी, गनिमाने, गनिमाला, आणि ‘कावा’चे सामान्यरूप ‘काव्या’ होत असल्याने ‘गनिमी काव्याने’.