वाचक विचारतात: पुढचे बॉल जॉइंट, बदलायचे कधी आणि कुठले?

प्रश्न: माझ्याकडे रांजणगावात असेंबल झालेली जीप रँग्लर रुबिकॉन आहे. मागच्या वर्षी ३५ इंची टायर आणि अडीच इंचाची लिफ्ट केली. आता ताम्हिणीकडे दगडात घातली की पुढून डावीकडनं टकटक येतं आणि हायवेला ८०च्या पुढे स्टेअरिंग सारखं सावरत बसावं लागतं. गॅरेजवाले म्हणतात चारही बॉल जॉइंट (पुढचं चाक वळू देणारे गोल सांधे, प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक) हेवी ड्युटी टाका, बाहेरनं मागवावे लागतील. टाकू का? – एक वाचक, वाकड

उत्तर: टाका, पण आधी तपासा, कारण तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही दोन असू शकतात. टकटक बॉल जॉइंटची असेल, पण हायवेला गाडी भरकटते त्याचं कारण बऱ्याचदा लिफ्टच असतं. गाडी वर उचलली की पुढचा अॅक्सल (दोन्ही चाकांमधला आडवा दांडा) थोडा फिरतो, कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं. ते कंट्रोल आर्मने (अॅक्सल चेसिसला जोडणाऱ्या दांड्यांनी) दुरुस्त होतं, बॉल जॉइंट कितीही भारी टाकले तरी नाही. लिफ्ट करताना आर्म बदलले का, हे पहिलं विचारा.

आता टकटक. टायर जमिनीवर असताना एकाला स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून ट्रॅक बारचे (अॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) दोन्ही बोल्ट आणि टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणारा स्टेअरिंगचा दांडा) टोकं बघा. ट्रॅक बारच्या बोल्टचं भोक मोठं झालेलं असलं की लोक बॉल जॉइंटला दोष देत फिरतात, हे मी फार बघतो. तिथे काही हललं नाही तर अॅक्सलखाली जॅक लावून चाक दोन-तीन इंच उचला, एकाने टायरखाली पहार घालून वर दाबायचं आणि दुसऱ्याने टॉर्च मारून नकल (चाक धरून वळणारा भाग) आणि अॅक्सलच्या सी आकाराच्या टोकामधली फट बघायची. नकल वर-खाली सरकला तर खालचा जॉइंट गेला, कारण या अॅक्सलवर गाडीचं वजन मुख्यतः खालचा जॉइंट घेतो, वरचा नकलला जागेवर धरून ठेवतो. मग टायर वर-खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हब बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते), तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

जॉइंटच निघाला तर अपग्रेडला माझा पाठिंबा आहे. तुमच्या गाडीला कंपनीचे टायर साधारण ३२ इंची, त्यावर तीन इंच वाढले, वजन वाढलं, आणि रिम बाहेर काढणारी असेल किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) असतील तर जॉइंटवरचा ताण अजून वाढतो. फॅक्टरीचे जॉइंट सीलबंद असतात, ग्रीस भरायची सोय नाही, थोडा प्ले आला की पुढे वाढतच जातो. भारीतले मेटल-ऑन-मेटल (आत धातूवर धातू फिरणारे) असतात, त्यांना ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असतं. डायनाट्रॅक कंपनीच्या प्रोस्टिअरसारख्या काहींमध्ये बाहेरची बॉडी तशीच ठेवून आतले भाग बदलता येतात, पैसे जास्त जातात पण मला तो प्रकार पटतो. मात्र ग्रीस विसरलात तर हे जॉइंटही लवकर झिजतात, पाण्यातून गाडी काढली की लगेच आणि एरवी प्रत्येक सर्व्हिसला ग्रीस मारायचंच. सुरुवातीला स्टेअरिंग थोडं जड लागेल, त्याला घाबरू नका.

विकत घेताना एक नक्की विचारा, बॉडीला बाहेरून उभे दाते आहेत का. दातेवाला जॉइंट घट्ट बसतो खरा पण अॅक्सलचं भोक खरवडतो, पुढच्या वेळी साधा जॉइंट त्यात सैल बसतो. भोक चांगलं असेल तर बिनदात्याचाच घ्या.

बसवताना गॅरेजमध्ये उभे रहा. जॉइंट सी-प्रेसने (सी आकाराच्या, स्क्रूने दाबणाऱ्या हत्याराने) दाबूनच बसला पाहिजे, घणाने ठोकून नाही, ठोकलं की अॅक्सलचा कान (ते सी आकाराचं टोक) वाकतो. भोक आधी पॉलिश पेपरने साफ करायचं. चाक फिरवणारा शाफ्ट काढताना घालताना सरळ धरायला सांगा, तो आतल्या ऑइल सीलवर घासला की डिफरन्शियलचं ऑइल गळायला लागतं आणि मग सगळं परत उघडावं लागतं. आधी खालचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला), मग वरचा, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट अजून थोडा आवळायचा, कधीच ढिला करून जुळवायचा नाही.

नंतर अलाइनमेंटला टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत) जुळवून स्टेअरिंग सरळ करून मिळेल, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा झुकाव) या अॅक्सलला अॅडजस्ट होत नाही. डाव्या-उजव्या चाकाचा कॅम्बर बराच वेगळा आला तर अॅक्सल वाकलाय का ते बघा, म्हणून मी म्हणतो काम सुरू करायच्या आधीच एकदा रीडिंग काढून ठेवा, प्रिंट जपून ठेवा.

प्रश्न: जुन्या मारुती जिप्सीला हेवी ड्युटी बॉल जॉइंट नाना पेठेत मिळतील का? ५०-६०ला स्टेअरिंग थरथरतं. – एक वाचक, धायरी

उत्तर: जिप्सीच्या पुढच्या अॅक्सलच्या नकलला बॉल जॉइंट नसतातच, तिथे वर-खाली किंगपिन (नकल ज्याभोवती वळतो त्या खुंट्या) आणि टेपर बेअरिंग असतात, जिम्नीतही तसंच. आधी टायर बॅलन्सिंग करून घ्या, पैसे कमी जातात. तरी थरथर राहिली तर किंगपिन बेअरिंग बघा, सैल झाली असतील तर चारही बदला आणि शिम (बेअरिंगचा आवळ ठरवणाऱ्या पातळ चकत्या) मेकॅनिकच्या हाताच्या अंदाजाने नको, टाय रॉड सोडून ताणकाट्याने नकल ओढून किती जोर लागतो ते मोजून लावून घ्या. नकलच्या मागचं सीलही त्याच वेळी नवीन टाका, ते फाटलं की पाणी आत जाऊन नवी बेअरिंगही गंजतात.