शंख गोल आहे हे ठीक, पण तोंड कसं आहे?

तुम्ही इथे टाकलेला फोटो पाहिला. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या कातळावर मिळालेला, बोराएवढा, काळ्यावर पांढुरके ठिपके असलेला गोल शंख. लेकीने डब्यात घालून घरी आणलाय, शाळेच्या प्रकल्पासाठी नाव हवंय, आणि वर प्रतिक्रियांत दोघांनी 'मून स्नेल' असं ठोकून दिलंय. मला तो नेराइट, म्हणजे कातळावरची एक समुद्री गोगलगाय, वाटतो. छातीठोकपणे सांगत नाही, कारण तुम्ही फोटो पाठीवरून काढलाय आणि गोल शंखाची पाठ फार थोडं बोलते. रंगावर तर अजिबात जाऊ नका. एकाच भेगेत एकाच जातीचे काळे, करडे, पट्टेवाले असे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात.

नेराइट म्हणण्याचं पहिलं कारण म्हणजे कातळ. मून स्नेल वाळूतला प्राणी आहे. ओल्या पुळणीत पृष्ठभागाखालून नांगर चालवल्यासारखा सरकतो आणि शिंपल्या शोधतो. कोरड्या कातळाला चिकटून तो बसणार नाही. नेराइट मात्र भरतीची रेघ जिथे संपते तिथपर्यंत कातळावर असतात. झाकण घट्ट लावून आत पाणी धरून ठेवतात, म्हणून ऊन सोसतात, आणि कातळ ओला झाला की शेवाळाचा थर खरवडत हिंडतात. यात एक फसगत होते. हर्णैला एकदा मी कातळावर 'मून स्नेल' सापडला म्हणून सगळ्यांना हाका मारून बोलावलं, आणि त्याला पाय फुटले. रिकाम्या शंखात हर्मिट क्रॅब, म्हणजे दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा, होता. तेव्हापासून आधी आत कोण आहे ते बघतो.

आता शंख उलटा करा. नेराइटचं तोंड अर्धवर्तुळाकार असतं, इंग्रजी 'डी'सारखं, आणि सरळ बाजूला पडवीच्या ओट्यासारखा सपाट कट्टा असतो. कट्ट्याच्या कडेला बहुतेक वेळा बारीक दात दिसतात. शंखाला बेंबी, म्हणजे वेटोळ्याच्या मधोमध खालून दिसणारा खळगा, नसते. झाकण चुनखडीचं, कडक. आतल्या बाजूला त्याला खुंटीसारखं एक टोक असतं. आपल्याकडच्या कातळांवर मुख्यतः 'नेरिटा अल्बिसिला' आणि 'नेरिटा ओरायझारम' दिसतात. अल्बिसिला चपटसर, शिखर जवळजवळ बसकं, आणि त्या पांढऱ्या कट्ट्यावर रव्यासारखे दाणे. तुमच्या फोटोतलं शिखर बसकंच वाटतंय, म्हणून माझा कल तिकडे आहे. पण कट्टा पाहिल्याशिवाय प्रकल्पात लिहू नका. त्याच कातळावर, कधी दुसऱ्या शंखाच्या पाठीवरही, तिळाएवढे पांढरे ठिपके चिकटलेले दिसले असतील तर ती नेराइटची अंडी. लोक त्यांना डाग समजतात.

मून स्नेलचा शंख गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखा. उलटा केलात की तोंडाशेजारी बेंबी दिसते, कधी उघडी, कधी चकचकीत गुठळीने बुजलेली. कट्टा नाही, दात नाहीत. झाकणावरून त्यांचे दोन गट पडतात: नॅटिकाच्या गटात ते चुनखडीचं, पॉलिनिसेसच्या गटात पातळ, शिंगासारखं. बिबट्यासारखे ठिपके असलेला टायगर मून स्नेल आपल्या पुळणीवर चांगलाच दिसतो. खुद्द प्राणी नाही दिसला तरी त्याची कामगिरी दिसते. किनाऱ्यावर गोल भोक पडलेले शिंपले मिळतात ना, मुलं ज्यांच्या माळा करतात? भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं, वाटीसारखं असेल तर ते याचं. म्युरेक्स ही दुसरी शिकारी गोगलगाय पाडते ते भोक सरळ भिंतीचं. आणि तुटक्या मडक्याच्या गळ्यासारखी वाळूची पट्टी सापडली तर ती कचरा म्हणून उचलू नका, त्यात मून स्नेलची अंडी वाळूत चिकटवलेली असतात.

गोल शंखाची आणखी एक गोगलगाय म्हणजे टर्बो. तिचं तोंड पूर्ण गोल आणि आत मोत्याची झिलई, त्यामुळे घोटाळा व्हायचं कारण नाही. झाकण जाडजूड, बाहेरून फुगीर, आतून सपाट, आणि सपाट बाजूवर चक्राची रेघ. ओळखीचं वाटतंय? आमच्या आत्याच्या देव्हाऱ्यात 'गोमती चक्र' आहेत ती अशाच टर्बो कुळातल्या गोगलगायीची झाकणं. आत्याला एकदा सांगून बघितलं. पुन्हा सांगणार नाही.

उरलेले दोन पटकन. शर्टाच्या बटणासारखा चपटा, तुळतुळीत, हरेक रंगातला तो अंबोनियम. तो वाळूत पुरून राहतो आणि पाणी गाळून खातो. पावसाळ्यात जांभळा, कागदासारखा नाजूक शंख वाहून आला तर तो जँथिना. तो किनाऱ्यावरचा नाहीच, भर समुद्रात बुडबुड्यांच्या तराफ्याला लटकून राहतो.

एक मात्र सांगून ठेवतो, लेकीला शंकूच्या आकाराचे शंख जिवंत उचलू देऊ नका. कोन स्नेलचा डंख विषारी असतो. गोल शंखांची तशी भीती नाही.

मला आता दोन फोटो हवेत: तोंडाचा जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि झाकण मिटलेलं असेल तर त्याचा. प्राणी जिवंत असेल तर डब्यात नळाचं पाणी घालू नका, समुद्राच्या पाण्याने ओलं केलेलं फडकं पुरे. नेराइट असाही काही काळ तग धरतो, पण लवकर परत सोडा. वेळ काढायची तर जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. चतुर्थी असेल तर नऊला जा, तीच भेग शोधा आणि तोंड खाली करून ठेवा. लाटा लागणाऱ्या कडेला नको, जरा वर.