‘मी त्याला खडसावलो’ हे चूक का? आणि खडसावणे, रागावणे, झापणे यांत फरक काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंदूरचे, बोलता बोलता ‘मी त्या ऑटोवाल्याला चांगला खडसावलो’ म्हणालात आणि पुण्याची मामेबहीण हसली. तुमचं काय चुकलं, आणि हे क्रियापद नेमकं वापरायचं कुठे?

आधी व्याकरण उरकू. ‘रागावणे’ आणि ‘खडसावणे’ यांचं शेपूट सारखं दिसतं, पण रागावणे अकर्मक आहे आणि खडसावणे सकर्मक. सुस्तावणे, मंदावणे, थंडावणे ही रागावण्याच्या बाजूची. दटावणे, सुनावणे, बजावणे ही खडसावण्याच्या बाजूची. भूतकाळात पहिल्या गटातलं क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं: मी रागावलो, ती रागावली. दुसऱ्या गटात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि ज्याला बोलायचं त्याला ‘ला’ असल्यामुळे क्रियापद नपुंसकलिंगीच राहतं: त्याने मला खडसावलं, तिने मला खडसावलं.

घोटाळा ‘मी’मुळे होतो. हिंदीत ‘मैंने’ म्हणताना ‘ने’ कानाला ऐकू येतो, मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो लागतच नाही. मग जीभ ‘मी रागावलो’च्या चालीवर ‘मी खडसावलो’ म्हणून मोकळी होते. शंका आली की ‘मी’ काढून ‘तो’ घालून बघा. ‘तो रागावला’ बरोबर वाटतं. ‘तो खडसावला’ कोणी म्हणत नाही, ‘त्याने खडसावलं’ म्हणतात. जिथे ‘त्याने’ येतो तिथे ‘मी’बरोबरही ‘खडसावलं’च. बोलणारी बाई असली तरी तेच, ‘मी त्याला खडसावली’ नाही. समोरच्याला सांगताना मात्र ‘तू खडसावलंस’, ‘तुम्ही खडसावलंत’.

आता अर्थ. खडसावण्यात राग असतो, पण आवाज चढायलाच हवा असं नाही. समोरच्याची चूक नेमकी कोणती ते तोंडावर, करड्या स्वरात सांगणं हा त्यातला गाभा. बऱ्याचदा जाबही विचारलेला असतो, म्हणून ‘खडसावून विचारलं’ हा प्रयोग इतका रुळला आहे. ‘खडसावून सांगितलं’ म्हणजे मात्र नुसतं ठणकावून सांगितलं, तिथे समोरच्याची चूक असेलच असं नाही. आणखी एक बंधन पाळावं लागतं: खडसावलं जातं ते माणसाला, कृत्याला नाही. ‘त्याच्या वागण्याला खडसावलं’ चालणार नाही. ‘वागण्यावरून त्याला खडसावलं’ म्हणा.

कोणी कोणाला, यावर शब्द ठरतो. समजा राजवाड्यापाशी कोणी पोहे खाऊन कागद रस्त्यावर भिरकावला. टाकणारा सहा वर्षांचा नातू असेल तर आजी त्याला डोळे वटारून दटावते. दटावणं लहानांसाठी, आणि त्यात पुढचं पाऊल रोखायचं असतं. टाकणारा धडधाकट माणूस असेल आणि शेजारी उभी असलेली अनोळखी बाई ‘डबा तुमच्या पायाशी आहे, दिसत नाही का?’ म्हणाली, तर तिने त्याला खडसावलं. इथे ती वयाने किंवा हुद्द्याने मोठी असायची गरज नाही, न्यायाची बाजू तिची आहे एवढं पुरे. नगर निगमच्या माणसाने पावती न फाडता ‘पुन्हा दिसलात तर दंड’ असं म्हटलं, तर त्याने तंबी दिली, किंवा कागदोपत्री भाषेत समज देऊन सोडलं. आणि त्या माणसाची बायको घरी जाईपर्यंत त्याला बोलत राहिली, तर ती त्याला रागावली.

‘रागावणे’ला ‘वर’ लावला की फक्त भावना कळते. ‘आई माझ्यावर रागावली आहे’ म्हणजे कदाचित ती दोन दिवस अबोलाच धरून असेल. ‘आई मला रागावली’ म्हणजे ती बोलली. ‘आईनं मला रागावलं’ असंही बोलण्यात ऐकू येतं, पण लिहिताना ‘आई रागावली’च ठेवावं.

‘झापणे’ हे कचेरीतलं आणि मित्रांतलं. ‘साहेबांनी आज झापलं’ हे चहाच्या टपरीवर शोभतं, अर्जात नाही. वडीलधाऱ्यांबाबत मात्र झापलं, खडसावलं दोन्ही टाळा. ‘मी बाबांना खडसावलं’ उर्मट वाटतं. ‘बाबांना स्पष्टच सांगितलं’ म्हटलं की अर्थ पोचतो आणि मानही राहतो.

‘फटकारणे’ बातमीदारांचं लाडकं: ‘उच्च न्यायालयाने प्रशासनाला फटकारले’. आपल्याकडे इंदुरात हिंदी मथळ्यातल्या ‘लगाई फटकार’वरून ‘फटकार लावली’ असं सर्रास म्हणतात, ते मराठीत बसत नाही. फटकारलं म्हणा, किंवा ताशेरे ओढले. आणि एका अक्षराची काळजी घ्या: ‘फटकावणे’ म्हणजे मारणे. मास्तरांनी फटकारलं आणि मास्तरांनी फटकावलं यांत छडीचा फरक आहे.

हिंदीच्या शेजारामुळे आपण इंदूरकर आणखी तीन ठिकाणी हमखास घसरतो. हिंदीतलं ‘झिड़कना’ म्हणजे दरडावणं, पण मराठीतलं ‘झिडकारणे’ म्हणजे दूर लोटणं, धुडकावणं. ‘त्याने मदत झिडकारली’ हे बरोबर. पोराने ग्लास फोडला म्हणून आईने त्याला झिडकारलं असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला त्या आईची भीती वाटेल. दुसरं, ‘धूम्रपान निषेध’ या पाटीतला निषेध म्हणजे मनाई. मराठीत निषेध म्हणजे नापसंती जाहीरपणे नोंदवणं, आणि त्याला ‘चा’ लागतो: घटनेचा निषेध. तिसरं, ‘कड़ी निंदा’. तिचं ‘कडक निंदा’ करू नका. मराठीत निंदा म्हटलं की बहुधा पाठीमागे केलेली नालस्ती डोळ्यापुढे येते. मंडळाच्या पत्रकात ‘आम्ही या घटनेचा तीव्र निषेध करतो’ हेच योग्य. ‘धिक्कारणे’ त्याहून जहाल, त्यात तिरस्कार मिसळलेला असतो. माणूस आणि कृत्य दोन्ही धिक्कारता येतात, पण ते मोर्च्यासाठी राखून ठेवलेलं बरं.

आणि तुमच्यावरच पाळी आली तर? ‘मला खडसावण्यात आले’ हे सरकारी अहवालासारखं वाटतं. घरी सांगताना ‘बोलणी खाल्ली’ किंवा ‘बोलणी बसली’ म्हणा. मामेबहीणही तेच म्हणेल.