मधल्या सात वर्षांविषयी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. फोन करायचा सोडून तू चार पाने हाताने लिहिलीस, तेव्हाच मनात किती दिवस काय साचले असेल याची मला कल्पना आली. टेनिसच्या सलग सहा स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरलास, कुमार गटात ज्यांना तू सहज हरवत होतास त्यांच्यातले दोघे शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेले, आणि घरी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरून टाकण्याविषयी रोज बोलणे निघते आहे. या सगळ्याच्या शेवटी तू एकच प्रश्न विचारला आहेस : "सर, माझी वेळ निघून गेली का?" याचे उत्तर एका शब्दात देऊन मोकळे होणे मला बरे वाटत नाही, म्हणून एका खेळाडूविषयी सविस्तर लिहितो.

हा खेळाडू तुला ठाऊक आहे. ५ जुलै २०२१ रोजी, आपला क्लब साथीमुळे बंद असताना, विंबल्डनच्या चौथ्या फेरीत मार्टन फुचोविचने आंद्रे रुब्लेवला पाच सेटमध्ये हरवले आणि तू सामना संपताक्षणी मला फोन केलास. तू तेव्हा पंधरा वर्षांचा होतास. "सर, हा कुठून आला?" असे तू विचारलेस. उत्तर तेव्हा मी घाईत दिले होते. आज नीट देतो.

तो आला न्यिरेजहाझा या हंगेरीच्या ईशान्येकडच्या शहरातून. जन्म ८ फेब्रुवारी १९९२ चा. त्याच्या देशात त्याला फुचोविच मार्टन म्हणतात, कारण आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे तिथेही आडनाव आधी लावतात. २०१० साली, अठराव्या वर्षी, तो विंबल्डनच्या मुलांच्या एकेरीचा विजेता झाला आणि कुमारांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हंगेरीसारख्या देशात याचा अर्थ काय होतो ते समजून घे. त्या देशाचा पुरुष खेळाडू एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या वरच्या पातळीची, एकेरीची स्पर्धा जिंकला त्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती. बालाझ तारोत्सीने १९८२ मध्ये हिल्व्हर्समला जिंकलेली ती शेवटची. योझेफ आशबोतने १९४७ साली फ्रेंच विजेतेपद मिळवले होते आणि पुढच्या वर्षी विंबल्डनची उपांत्य फेरी गाठली होती, पण ती आजोबांच्या काळातली गोष्ट झाली. इतका मोठा दुष्काळ पडलेल्या देशाला अठरा वर्षांचा विंबल्डन विजेता मिळाला की त्या पोरावर किती डोळे लागले असतील!

आणि त्यानंतर सात वर्षे फारसे काही झाले नाही. म्हणजे, बाहेरून पाहणाऱ्याला दिसेल असे काही झाले नाही. हा मुलगा मोठ्यांच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात आला तो २०१७ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. या सात वर्षांत तो फ्युचर्स या सर्वांत खालच्या पातळीच्या व्यावसायिक स्पर्धा खेळला, त्यांच्या वरच्या पायरीच्या चॅलेंजर स्पर्धा खेळला, पात्रता फेऱ्यांत हरला. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला या सात वर्षांतच दिसते, त्या चांदीच्या चषकात दिसत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. २०१० साली चार ग्रँड स्लॅम स्पर्धांत मुलांच्या एकेरीचे चार वेगवेगळे विजेते होते. ऑस्ट्रेलियात ब्राझीलचा तियागो फर्नांडिस, पॅरिसला अर्जेंटिनाचा आगुस्तिन वेलोत्ती, विंबल्डनला फुचोविच आणि न्यूयॉर्कला अमेरिकेचा जॅक सॉक. सॉक पुढे जगात आठवा झाला आणि २०१७ साली पॅरिसची मास्टर्स स्पर्धा जिंकला. वेलोत्ती पहिल्या शंभरात कधीच पोहोचला नाही. फर्नांडिसने एकविसाव्या वर्षी खेळ थांबवला. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर युकी भांबरी बघ : २००९ साली ऑस्ट्रेलियात मुलांचे विजेतेपद, कुमारांत जगात पहिला, त्यानंतर दुखापतींनी अडवलेली एकेरीची कारकीर्द, सर्वोच्च क्रमांक ८३, आणि मग दुहेरीत नव्याने उभे राहणे. अठराव्या वर्षी हे सगळे एकाच पायरीवर होते. त्या पायरीवरून पुढचा जिना कोणाला किती चढता येईल हे तेव्हा कोणीच सांगू शकले नसते. कुमार गटातल्या निकालांवरून तू स्वतःचे भविष्य वाचतो आहेस. त्या निकालांत एवढे भविष्य लिहिलेलेच नसते.

फर्नांडिसचे नाव मी भीती घालण्यासाठी घेतलेले नाही. एकविसाव्या वर्षी विचार करून थांबणारा माणूस हरलेला असतो असे मी मानत नाही. तू उद्या फॉर्म भरायचे ठरवलेस तरी माझा तुझ्यावरचा जीव तसाच राहील. फक्त तो निर्णय सहा पराभवांच्या रागात होऊ नये, हिशेब मांडून व्हावा, एवढीच माझी इच्छा आहे.

तो हिशेब कसा मांडायचा ते सांगतो. पंधरा हजार डॉलर एकूण बक्षिसाच्या, सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत मुख्य फेरीत बत्तीस जण असतात. पहिला सामना जिंकलास की क्रमवारीचा एक गुण मिळतो, पुढच्या फेरीत दोन, उपांत्य फेरीत चार, अंतिम फेरीत आठ, आणि स्पर्धा जिंकलास तर पंधरा. विजेत्याच्या हाती साधारण दोन हजार डॉलर पडतात. त्यातून कर, विमान, हॉटेल, रॅकेटची तांत आणि जेवण वजा केले की काय उरते ते तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला गुण शून्य. म्हणजे तुझ्या सहा आठवड्यांचे फळ क्रमवारीच्या कागदावर शून्य आहे, आणि तू तोच कागद रोज उघडून बघतोस. पण त्या सहा सामन्यांतले तीन तू तिसऱ्या सेटमध्ये हरलास, आणि त्या तिन्हींत तुझी दुसरी सर्व्हिस शेवटच्या अर्ध्या तासात आखूड पडत गेली, हे तुझ्याच पत्रातल्या आकड्यांवरून मला दिसते. ही खरी माहिती आहे, आणि तिच्यावर काम करता येते. नुसत्या शून्यावर काय काम करणार?

फुचोविचकडे बघताना मला सर्वांत आधी त्याचे शरीर दिसते. त्याच्या दणकट बांध्याची टेनिसमध्ये सगळीकडे चर्चा असते, पण आरशापुढे उभे राहून कमावलेला तो देह नव्हे. लांब रॅलीतल्या विसाव्या फटक्याला पाय जमिनीत रोवलेले राहावेत, यासाठी तो घडवलेला आहे. रुब्लेवविरुद्धचा तो सामना आठव. पहिला सेट फुचोविचने ६-३ घेतला, पुढचे दोन ४-६, ४-६ असे गेले. इथे बहुतेक खेळाडूंचे खांदे पडतात. चौथा सेट त्याने ६-० असा घेतला आणि पाचवा ६-३. आणि लक्षात ठेव, याच रुब्लेवने त्याच वर्षी त्याला रॉटरडॅमच्या अंतिम सामन्यात, दुबईत आणि मायामीत हरवले होते. त्याआधीच्या शरद ऋतूत पॅरिसलाही. चार पराभवांनंतर पाचव्यांदा समोर उभे राहताना मनात जुने आकडे घोळत असतील तर चौथा सेट ६-० जात नाही.

त्या विजयाने तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. आशबोतनंतर, म्हणजे १९४८ नंतर, तिथे पोहोचलेला तो पहिला हंगेरियन पुरुष. समोर जोकोविच होता आणि पहिल्या सेटमध्ये बघता बघता ०-५ झाले. मी तेव्हा टीव्हीसमोर उभा राहिलो होतो, मला बसवेना. त्याने तिथून तीन गेम घेतले. सेट ३-६ गेला, पुढचे दोन ४-६, ४-६, सामना तीन सेटमध्ये संपला. इतिहासात त्या तीन गेमना काही किंमत नाही. मला मात्र त्या स्पर्धेतला त्याचा सर्वांत सुंदर खेळ तोच वाटतो. ०-५ वर पडलेला माणूस सर्व्हिस घेण्याआधी टॉवेलकडे जातो, तोंड पुसतो, आणि तांतेकडे बघत परत रेषेवर येतो, जणू काही २-२ चालले आहे. तू ०-४ झाल्यावर दोन सर्व्हिसांमध्ये किती सेकंद घेतोस ते आपण एकदा मोजले होते, आठवते? सात. तुला तिथून पळून जायचे असते.

पहिले विजेतेपद त्याला मिळाले ते मे २०१८ मध्ये जिनिव्हाला. वाटेत त्याने गतविजेत्या वावरिंकाला हरवले आणि अंतिम सामना पीटर गोयोव्झिकविरुद्ध ६-२, ६-२ असा जिंकला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मेलबर्नला चौथ्या फेरीत फेडररशी गाठ पडली होती, तिथे तीन सेटमध्ये हरला. मार्च २०१९ मध्ये तो जगात ३१ वा होता. आता वाटेल की इथून रस्ता सरळ वर जातो. तसे झाले नाही. क्रमवारीचे गुण बावन्न आठवड्यांनी उतरतात, आणि २०२२ साली विंबल्डनच्या स्पर्धेला गुणच दिले गेले नाहीत, त्यामुळे उपांत्यपूर्व फेरीचे ३६० गुण गेले आणि ते राखण्याची संधीसुद्धा कोणाला मिळाली नाही. तो घसरला. पुन्हा चॅलेंजर स्पर्धांकडे गेला. दुसरे विजेतेपद मिळायला २०२४ चा एप्रिल उजाडला, बुखारेस्टला. तिसरे २०२५ मध्ये विन्स्टन-सेलमला, तेहतिसाव्या वर्षी. पहिल्या आणि दुसऱ्या विजेतेपदात सहा वर्षांचे अंतर आहे. मधली सात वर्षे एकदाच येतात असा तुझा समज असेल तर तो आत्ताच सोडून दे.

याच देशाची दुसरी एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगण्यामागे कारण आहे. आग्नेश सावाय ही टेनिसपटू फुचोविचहून तीन वर्षांनी मोठी. तिला वाट बघावी लागली नाही. २००५ साली फ्रेंच स्पर्धेत मुलींची एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकली. २००७ साली, अठराव्या वर्षी, पालेर्मोचे विजेतेपद, अमेरिकन ओपनची उपांत्यपूर्व फेरी, आणि बीजिंगला अंतिम सामन्यात मॅच पॉइंट, म्हणजे पराभवाला एकच गुण उरलेली वेळ, वाचवून यांकोविचवर विजय. पुढच्या वर्षी ती जगात तेरावी होती. २००९ साली पॅरिसला तिने व्हीनस विल्यम्सला ६-०, ६-४ असे हरवले. पण २००७ च्याच ऑगस्टमध्ये न्यू हेवनच्या अंतिम सामन्यात, पहिला सेट जिंकल्यानंतर, पाठीच्या दुखण्यामुळे तिला सामना अर्धवट सोडावा लागला होता. त्या पाठीने पुढे तिची पाठ सोडली नाही. २०१३ साली, चोवीस वर्षांची असताना, तिने निवृत्ती पत्करली. एवढे देखणे दोन हातांचे बॅकहँड मी फार थोडे पाहिले आहेत, आणि ते आठवले की आजही मला हळहळ वाटते.

तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, कंसात, जणू काही किरकोळ बाब असावी तसे तू लिहिले आहेस की मार्चपासून सर्व्हिस करताना कंबरेत डावीकडे चमक येते. ते कंसात लिहायचे वाक्य नव्हते. मला वाटते तुझी दुसरी सर्व्हिस तिसऱ्या सेटमध्ये आखूड का पडते याचे उत्तरही त्याच कंसात आहे. तू दमल्यावर पाठ वळवायचे टाळतोस, चेंडू पुढे टाकतोस आणि नुसत्या हाताने मारतोस. पुढच्या दोन स्पर्धांच्या प्रवेशिका आज रात्रीच मागे घे. क्रीडावैद्यक जाणणाऱ्या अस्थितज्ज्ञाकडे जा, सांगतील त्या तपासण्या करून घे, आणि अहवाल हातात येईपर्यंत एकही सर्व्हिस करू नकोस. या बाबतीत मी तुझे काही ऐकणार नाही.

मी तरुण असताना एका प्रशिक्षकाने मला खांदा दुखत असताना "थोडे सहन कर" असे सांगितले होते आणि मी ते ऐकले. त्यानंतर मी डोक्यावरून पूर्ण ताकदीने कधीच चेंडू मारू शकलो नाही. तू माझ्याकडे नऊ वर्षांचा आलास तेव्हापासून तुझ्या खांद्याकडे माझे लक्ष होते; कंबरेकडे ठेवायला हवे होते.

कॉलेजविषयी. फॉर्म भर. बाहेरून परीक्षा देता येते, आणि चॅलेंजरच्या कोपऱ्यातल्या हॉटेलात पाऊस पडत असताना वाचायला हातात काहीतरी असलेले बरे असते. दुहेरीचे आमंत्रण आले तर नाही म्हणू नकोस. हंगेरीचीच तिमेआ बाबोश एकेरीत पहिल्या पंचविसांत गेली होती, पण दुहेरीत ती २०१८ साली जगात पहिली झाली, आणि त्याच वर्षी मेलबर्नला आपल्या रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामनाही खेळली. दुहेरीत रिटर्न सुधारतो, नेटजवळची भीती जाते, आणि आठवड्याचा खर्च थोडा भागतो.

मुदत मात्र ठरव. वडिलांशी बसून ठरव, माझ्याशी नव्हे, कारण पैसे त्यांचे आहेत. माझा सल्ला विचारशील तर पाठ बरी झाल्याच्या दिवसापासून दोन वर्षे. या दोन वर्षांत क्रमवारीचा कागद महिन्यातून एकदाच उघडायचा. रोज उघडायची ती वही : प्रतिस्पर्ध्याचे नाव, तो ३०-३० ला कुठे सर्व्हिस करतो, तू तिसऱ्या सेटमध्ये पहिल्या सर्व्हिसपैकी किती आत टाकल्यास. दोन वर्षांनंतर त्या वहीची पहिली पाने आणि शेवटची पाने शेजारी ठेवून तूच ठरव, मी मध्ये बोलणार नाही.

मातीच्या दोन्ही कोर्टांना पाणी मारून रोलर फिरवायचे काम मी अजून स्वतःच करतो, त्यामुळे रविवारी सकाळी सहाला मी तिथे असेनच. रॅकेट आणू नकोस. वही आण, आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

तुझा,
सर